चौकटी कंस

वाटाघाटीत जो शब्द कुणाला पटत नाही
तो खोडत नाहीत.
त्याच्या दोन्ही बाजूंना चौकटी कंस घालतात
आणि कॉफी प्यायला उठतात.

गावंड मास्तरांनी घणसोलीच्या शाळेत शिकवलेलं:
साधा, महिरपी, चौकटी;
आतला कंस आधी सोडवायचा, बाहेरचा मागाहून.
जिनिव्हात पोचले तर तिथे सगळं उफराटं.
आतलं कुणी सोडवतच नव्हतं.
पहाटे तीनला, दुभाषे डुलक्या घेत असताना,
कुणीतरी 'करतील'चं 'करण्याचा प्रयत्न करतील' करायचं
आणि कंस गळून पडायचे
सुक्या करदीच्या मिशा गळाव्यात तसे.
मग टाळ्या. मग सगळ्यांचा फोटो.
बहुतेक फोटोंत मी कडेला आहे, डोळे मिटलेली.

बापाने खाजणाच्या कागदावर अंगठा दिला
तेव्हा मी चौथीत.
कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, "वाच गो, काय लिवलंय."
मी खणखणीत वाचलं.
'सार्वजनिक प्रयोजनार्थ'ला अडखळले,
'संपादन' तर गिळूनच टाकलं
आणि पुढच्या ओळीवर उडी मारली.
त्याला वाटलं, पोरीने सगळं वाचलं.
जांभळा अंगठा त्याने रुमालाला पुसला
आणि उघाडीवर पाणी बघायला गेला
जशी काही ती अजून त्याचीच होती.

पुढे आमच्या दाखल्यांवर एक शब्द आला: प्रकल्पग्रस्त.
ग्रस्त, म्हणजे सूर्य ग्रासला जातो तसं.
पण ग्रहण सुटतं.
मी तो शब्द चार भाषांत नेऊन बघितला,
कुठेच मावला नाही.
'बाधित व्यक्ती' लिहून मोकळी झाले,
परिशिष्ट तीन, परिच्छेद सात.

एका देशात (नाव सांगत नाही,
सवय सुटलेली नाही अजून)
आपल्या कर्जातून कालवा निघणार होता.
चांगला कालवा. आजही वाहतो, मका दोनदा होतो,
हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.
आखणीच्या दिवशी एक म्हातारा उभा राहिला.
दोन दुभाष्यांतून गाळून त्याचा प्रश्न माझ्यापर्यंत आला:
माझी विहीर मी कुठे ठेवू?
मी म्हटलं, योग्य ती दखल घेतली जाईल.
पहिल्याने ते दुसऱ्याला सांगितलं.
दुसरा बराच वेळ बोलत राहिला,
एवढं मी बोललेच नव्हते.
म्हातारा हसला, मला ओंजळभर शेंगा दिल्या.
त्याला काय सांगितलं गेलं
ते विचारायचं राहून गेलं.
शेंगा गाडीत खाल्ल्या.

आता मी राहते
बापाच्या खाजणाच्या बरोबर वर, सातव्या मजल्यावर.
काल गावठाणातून मथुरा मढवी आली, नोटीस घेऊन.
गरजेपोटी बांधलेलं घर,
पोराचं लग्न ठरलं म्हणून त्यावर चढवलेली एक खोली.
"तू बाहेरदेशाचे मोठेमोठे कागद केलंस,
ह्यो वाच गो."
मी वाचलं. सावकाश, एकही शब्द न गिळता.
खाली शेवटची ओळ:
आपल्या हरकतींची योग्य ती दखल घेण्यात येईल.

पंखा फिरत होता.
मी पेन्सिल घेतली
आणि 'योग्य ती'च्या दोन्ही बाजूंना कंस घातले.
"ह्यो काय केलंस?"
म्हटलं, हे आपल्याला पटलेलं नाही
अशी खूण.

"मंग खोडून टाक ना,"
मथुरा म्हणाली
आणि पर्समधून पेन काढून पुढे केलं,
निळं, टोपण चावलेलं.