अंतिम वापराचा दाखला

दिल्लीहून दोघे आले, मंगळवारी, साकीनाक्याला गाळा शोधत.
एकाच्या बुटाला वाटेतला तेलकट चिखल.
त्याने नाव सांगितलं, सरंजामे. दुसऱ्याने सांगितलंच नाही.
चहा घेतला, आणि माझा व्हॉल्व्ह उचलून
कानाजवळ हलवला,
नारळ घेताना हलवतात तसा.

हा कुठे चाललाय?
दुबईला, म्हटलं. दुधाच्या पावडरीचा कारखाना आहे.
ॲडव्हान्स आलाय. एकशेवीस नग.
दुधाला एवढी घट्ट झडप?
ते हसले नाहीत. मीही नाही.

त्या देशाचं नाव कुणी घेतलं नाही.
रात्री सापाला लांबडं म्हणतात तसं
नुसतं 'तिकडे', 'ते लोक'.

सुतावरून स्वर्ग गाठू नका, म्हणणार होते,
पण माझा धंदाच सुताचा.
तो वायू पोलाद खातो, सरंजामे म्हणाले,
अशीच झडप त्याला पुरून उरते.
मग तो फिरतो, हजारो नळकांड्यांतून,
घुसळत राहतात, महिनोन् महिने,
हवं ते लोणी वेगळं होईस्तोवर.

म्हणजे दुधाचं अगदीच खोटं नव्हतं.

बाबांनी सत्तरच्या दशकात तुर्भ्यासाठी फ्लँज केले.
बाहेरून येणारा माल तेव्हा अडला होता,
कुठल्याशा परक्या गोदीत, असाच कुणीतरी
कानाशी हलवून बघितला असेल.
कशाला हवेत, बाबांनी विचारलं नाही.
ड्रॉइंगवर फक्त आकडे.
बिल उशिरा निघालं, पण निघालं,
कोपऱ्यातला लेथ त्यातून आला.
रविवारी माहूलच्या धक्क्यावरून ते मला
लांबचा घुमट दाखवायचे, पालथ्या वाटीएवढा:
त्यात आपला एखादा बोल्ट असेल.
खात्री नव्हती त्यांना. अभिमान होता.

मी सरंजाम्यांना हे सांगितलं.
मग बरोबर कोण, अडवणारे की बाबा?
त्यांनी घड्याळ बघितलं.
तेव्हाची गोष्ट वेगळी होती.
वेगळी कशी?
बिननावाचा पहिल्यांदा बोलला:
तेव्हा ते आपण होतो.

पंखा कुरकुरत होता. इझहारने मशीन बंद केलं होतं,
ऐकायला, किंवा भीतीने.

धोरण त्यांनी समजावलं मला, बशीत कप फिरवत.
एका हाताने बोलणी, दुसऱ्याने आवळत जायचं.
किती? म्हटलं.
नरमतील तोवर.
साहेब, फार आवळलं की आटे मरतात.
मग तो नट उघडत नाही, मिटतही नाही,
छिन्नीनेच तोडावा लागतो.
आणि सैल सोडला तर गळतो, तेही मला ठाऊक आहे.
त्यांनी हे लिहून घेतलं नाही.

कागद पुढे आला. अंतिम वापर, आणि समोर रिकामी ओळ.
शेवटी ही वस्तू कशासाठी वापरली जाईल.
शेवटी!
मला माझ्या गाळ्याचं शेवटी काय होईल ते सांगता येत नाही.
सही केली नाही मी. ॲडव्हान्स परत पाठवला,
दिवाळीचा बोनस कुठून द्यायचा ते अजून ठरायचंय.

खोकी माळ्यावर आहेत. खालच्या खोक्यावर
इझहार डबा खातो.
पेपरात कधी बोलणी फिसकटतात, कधी पुन्हा सुरू,
कधी आमच्याच आकाशातून विमानं जातात
आणि आम्ही सगळे मान वर करून त्यांचा आकार ओळखतो.

एकदा फोन आला, दुबईचा नंबर, आवाज दुबईचा नव्हता.
तुटक इंग्रजीत, अदबीने. दर नाही विचारला, तारीख नाही.
सीटवर किती मायक्रॉनचं पॉलिश देता, बाई,
आणि पडून असतील तर आट्यांना तेल लावता ना?

मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

असा प्रश्न बाबा विचारायचे.
मी काही न बोलता फोन ठेवला.
नंबर सरंजाम्यांना कळवला, कळवायलाच हवा होता.

मग इझहारला म्हटलं, शिडी लाव.
तेलाचा डबा कुठे ठेवलास?