दोन्ही बाजू

ऑर्विल आला तेव्हा मी दारातला बर्फ ओढत होते.
फावडं दे म्हणाला नाही.
उजवा हात छातीच्या वर जातच नाही त्याचा,
सत्तावन्न वर्षं झाली.

डॉक्टर म्हणतात, वय झालं.
कचेरी म्हणते, जखमेची नोंद नाही,
बघणारा कोणी असेल तर त्याचं लिहून आणा.
बघणारा एकच होता, लोरीन,
आणि तो तुझा नवरा.

शिवणाच्या डब्यातून पत्र काढलं.
निळा पातळ कागद, घडीवर फाटत आलेला.
'आज ऑर्विलच्या खांद्यात लोखंड घुसलं.
शुद्धीवर आला तर म्हणतो,
माझी सिगारेट कोणी ओढली?'
वर तारीख.
त्यानंतर अकरा दिवस होता तो.

खिडकीमागची मुलगी म्हणाली,
पूर्ण पत्र लागेल. दोन्ही बाजू.

मागच्या बाजूला माझ्या मानेवरचा तीळ आहे.
त्याच्या खाली जे आहे
ते मी दुसऱ्या नवऱ्यालाही वाचू दिलं नव्हतं.

ऑर्विल टोपी कुस्करत राहिला.
राहू दे गं, म्हणाला,
नाहीतरी मी आता डावखुराच झालोय.

ब्यूटच्या पोस्टात एका पानाला पंधरा सेंट.
मी कागद उलटा घातला, झाकण लावलं.
हिरवा उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत
सावकाश सरकला,
कोणी ओळीवर बोट ठेवून वाचावं तसा.

मूळ पत्र परत पर्समध्ये.
ऑर्विलला म्हटलं, दार धर.
कुठल्याही हातानं.