सी फुल्ल

पंपरूमशेजारी, जिन्याखालच्या ऑफिसात
सोसायटीचा कॉम्प्युटर सकाळपासून अडून बसलाय.
मेन्टेनन्सची बिलं निघेनात.
सी ड्राइव्हची पट्टी लालेलाल.
डी मात्र मोकळी, चारशे जीबी नुसती हवा,
आमच्या डी विंगसारखी:
फ्लॅट सगळे विकले गेले, राहायला कुणी आलंच नाही.
आणि सी विंगला एका खोलीत सात परुळेकर.

सुफियान फोनवरून सांगतो, मावशी, आधी टेम्प उडवा.
उडवलं. तात्पुरतं म्हणून आलेलं
सतरा सालापासून मुक्कामाला होतं.
ट्रान्झिट कॅम्पात वाढलेय मी,
तात्पुरतं म्हणजे किती वर्षं, मला नका सांगू.

मग म्हणाला, झोपेची फाइल काढा.
कॉम्प्युटर म्हणे स्वतःच्या झोपेसाठी
आठ जीबी जागा अडवून ठेवतो.
आमच्याकडे बाबांची पथारी पडली
की दार उघडत नसे.
काढली.

डाउनलोड्समध्ये एकच पाण्याचं बिल अकरा वेळा.
गुप्त्यांचं कबुतरांविरुद्धचं पत्र:
अंतिम, अंतिम दोन, खरोखर अंतिम.

शेवटी सीसीटीव्ही. बावीस जीबी.
कुणाची स्कूटर कुणी घासली, त्या भांडणासाठी
मीच उतरवून घेतलेलं.
भांडण मिटलं, स्कूटर भंगारात गेली.
पुसण्याआधी एकदा बघितलं.
घासणारा कुठेच दिसत नाही.
कोपऱ्यात दिसतात तीनशे चारचे मस्करेन्हस,
पहाटे पावणेतीनला, लुंगीवर,
गेटच्या नळाखाली बादली सरकवताना.
भरली की दुसरी.
दुसरी त्यांची नाही, तळमजल्याच्या इंदुबाईंची,
कडीला लाल चिंधी बांधलेली.
दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच,
फक्त अंगात स्वेटर.
इंदुबाई समजायच्या, पाणी वॉचमन भरतो.
दिवाळीला त्याला पन्नास जास्त द्यायच्या,
आणि तोही मेला घ्यायचा.

उडवलं का मावशी? सुफियान विचारतो.
उडवते रे. थांब जरा.
डी विंगला एक बिऱ्हाड टाकतेय.

पट्टी निळी झाली. प्रिंटर खोकला.
बिलं निघाली एकामागून एक.
तीनशे चारचं अजून त्यांच्याच नावाने,
नावबदलाचा अर्ज कुणी केलेलाच नाही.
थकबाकी सात महिने.
पाणी: एकशे ऐंशी रुपये.