शून्य टिंब दहा

तार्तूत नोव्हेंबरचे चार वाजलेत, म्हणजे रात्रच.
नदीकाठच्या जुन्या कापडगिरणीत, दुसऱ्या मजल्यावर
तिघं बसलीत. मध्ये राईचा पाव, गार झालेली कॉफी
आणि एक आकडा, जो कुणालाच लिहवत नाही.

भाषेचं नाव सिल्द. त्यांच्या बोलीत पूल.
नऊ वर्षं झाली तिला. आवृत्ती शून्य टिंब नऊ.
आता पुढे काय?

"शून्य टिंब दहा," इंद्रेक म्हणतो.
"माझ्या वर्गातली पोरं विचारतील," मार्यू म्हणते,
"शून्य पूर्णांक एक दशांश? मागे गेलात का?"
तो उठून फळ्यापाशी जातो :
हे टिंब दशांशाचं नव्हे, कुंपणाचं आहे.
अलीकडचा आकडा पलीकडच्याला ओळखत नाही.
नऊनंतर दहा, दहानंतर अकरा,
घर भरून सांडलं तरी
हातचा शेजारी जात नाही.

मग सरळ साल घालूया, मार्यू म्हणते,
सालाला कुणी जाब विचारत नाही.
हेल्वे मान हलवते :
साल सांगतं आपण किती जगलो.
काय मोडलं, ते नाही सांगत.

तिघांतलंच कुणी सुचवतं नदीची पातळी,
त्या त्या दिवशीची, सेंटिमीटरमध्ये.
हसतात. आणि मग मिनिटभर
खरंच विचार करतात.

सात वाजले तरी पहिले पाढे पंचावन्न.

तेव्हा हेल्वे पिशवीतून कागद काढते,
व्होरूजवळच्या लाकूडगिरणीतून काइदोनं धाडलेला,
घडीत अजून भुशाचा वास.
'करवत तुमच्या भाषेवर चालते.
आकड्यांतलं मला कळत नाही.
एवढंच सांगा, सोमवारी ती सुरू होईल ना?'

हीटर टकटक करतो.

हेल्वे एकाहत्तर वर्षांची. व्याकरणाच्या पहिल्या ओळी तिच्या.
"हे शून्य आपण नम्रपणानं नाही ठेवलं," ती म्हणते,
"ते पुढे असलं की काहीही मोडायची मुभा राहते.
बाळ लहान आहे, सांभाळून घ्या,
असं नऊ वर्षं सांगतोय आपण लोकांना,
आणि बाळ तिकडे ओंडके चिरतंय."

इंद्रेक फळा पुसतो. तीन घरं आखतो.
पहिलं वाढेल, जेव्हा काइदोचा सोमवार नासणार असेल.
मधलं, नवं काही आलं आणि जुनं जागच्या जागी आहे.
शेवटचं आमच्या चुकांचं.

खडू हेल्वेच्याच हातात देतात.
ती एक काढते, जरा वाकडा,
जामीनदार सही करतो तसा
पेन टेकवून, थांबून.
पुढची दोन शून्यं मार्यू भरते.

आपण या आकड्याला आवृत्ती म्हणतो,
म्हणजे फिरून त्याच जागी येणं.
त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी एक टिंब शून्य टिंब एक :
आभाराच्या यादीत व्होरूच्या ओवरची
छोटीशी लाट राहून गेली होती.

काइदोचं पत्र आलं. आकडा छान दिसतो म्हणाला,
नाव बरोबर लिहिल्याबद्दल आभार.
बाकी चाललंय तसं चालू दे.
गिरणीत अजून
शून्य टिंब सात.