दुसरा कान

जुन्या सामूहिक शेतीच्या दूधघरात
लेओंतीनची भट्टी आहे.
भिंतीला अजून पांढऱ्या फरशा, एक सुका नळ,
आणि कुणीतरी खिळ्याने कोरून ठेवलेला
एकोणीसशे त्र्याऐंशीच्या मार्चमधल्या दुधाचा हिशेब.

फळ्यांवर रानडुकरं,
पाठीला पाठ लावून बसलेले ससे,
तीन वर्षं शिंगांवाचून उभा असलेला एक एल्क.
रिगाहून गॅलरीवाल्या बाईंचा फोन येतो :
घोडे असतील तर पाठवा, पांढरे.
ती हो म्हणते
आणि पुन्हा डुकराच्या मानेवरचे राठ केस
जेवणाच्या काट्याने ओढायला लागते.

मी तिला लाकूड पुरवतो.
ऑल्डरचं. बर्च भडकतं आणि विसरतं, म्हणते,
ऑल्डर धरून ठेवतं.

फेब्रुवारीत माझ्याच ट्रॅक्टरवर बसून
दोनात्स आला. टोपी हातात.
त्याचा डुक्सिस तळ्यावरच्या बर्फाखाली गेला,
त्याला तेव्हा पाच आठवडे झाले होते.
फोटो एकच, त्यात बहिणीचं लग्न
आणि कडेला अर्धी शेपूट.

रंग कोणता, उंची किती,
लेओंतीनने काही विचारलं नाही.
मातीचा ओला गोळा त्याच्यापुढे सरकवला.
थोपट, म्हणाली,
त्याला थोपटायचास तसा.
म्हातारा लाजला. माझ्याकडे बघून म्हणाला,
तू बाहेर जा.

बाहेर सिगारेट पेटेना.
धुरकट काचेतून एवढंच दिसलं :
एक हात कपाळावरून मानेपर्यंत जातो,
तिथे थांबतो,
दोन बोटं खाजवतात, बराच वेळ,
मग पूर्ण हात तसाच ठेवलेला.

नंतर ती मला सांगत होती,
जनावर आतून पोकळ ठेवावं लागतं,
भरीव केलं तर भट्टीत फुटतं.
बोटभर जाडी. पोटाखाली एक भोक,
आतल्या हवेला वाट हवी.
मी म्हटलं, माणसांचंही तसंच...
माणसांचं मला माहीत नाही, ती म्हणाली,
लाकूड उतरव.

दोन रात्री भट्टी चालली.
धूर कोंडून तिने सगळं काळं केलं,
डुकरं, ससे, आणि कुत्रा.
तिसऱ्या दुपारी विटा काढल्या
तेव्हा डावा कान पायाशी पडलेला होता,
पावाच्या करपलेल्या कडेसारखा.
लेओंतीनने शिवी हासडली, रशियनमध्ये.
तिच्या सगळ्या शिव्या रशियन आहेत.

दोनात्स वाकून बघत राहिला.
डावा नाही, म्हणाला शेवटी.
कोल्ह्याने तोडला तो उजवा होता.

आधी तीच हसली.
मग विचारलं, दुसरा करू? माती आहे.
त्याने त्या काळ्या डोक्यावर हात ठेवला.
भट्टीची ऊब होती अजून,
पहाटेच्या चुलीला असते तेवढी.
थांब जरा, म्हणाला.

आम्ही थांबलो.
पत्र्यावरून बर्फ वितळून थेंब पडत होते.
एका सशाला बारीक टिचकी फुटली, निवताना फुटते तशी,
कुणी वळून पाहिलं नाही.
पूर्ण गार झाल्यावर त्याने हात काढला,
कुत्रा कोटात गुंडाळला,
कान खिशात टाकला,
आणि किती झाले ते विचारलं.
तिने आकडा सांगितला. कमी नव्हता.

परतीच्या रस्त्यावर
प्रत्येक खड्ड्याला त्याचं बोट
पोटाखालच्या त्या भोकावर जात होतं,
मी आरशात पाहिलं.

परवा उरलेली फळकुटं टाकायला त्याच्याकडे गेलो.
कुत्रा खिडकीत, पाठ आमच्याकडे, तोंड तळ्याकडे.
पुढ्यात दुधाची वाटी वगैरे नव्हती,
गावात सांगतात ते खोटं आहे.
कान मात्र दाराशी, बशीत,
किल्ल्यांबरोबर.