कारणाचा रकाना

उम्म अल कुवैनच्या खाडीपल्याड
एक धावपट्टी, एक हँगर
आणि मी.
सकाळी कुंपणाखालून उंटाचं पोर आत शिरतं,
शाजी त्याला फडकं दाखवून हाकलतो,
मग चहा.

लोक विचारतात, भीती नाही वाटत?
मी कुठे उडतो, म्हणतो,
मी खाली आलेलं दुरुस्त करतो.
बावीस वर्षांत वर बिघडलेलं
माझ्याकडे क्वचितच आलं.
आलं ते बहुतेक शेवटच्या दहा फुटांतलं.

मुडपलेली चाकं. पंख्याची पाती,
टोकं वळलेली, विस्तवावरच्या पापडासारखी.
एक दंतवैद्य तर चाकं बाहेर काढायचीच विसरला
आणि इतका अलगद पोटावर उतरला
की दार उघडून पायरीसाठी पाय सोडला
तर लगेच जमीनच लागली.
तेव्हा कुठे घाबरला.

तपासायची रीत साधी.
डोळे मिटायचे.
फणस बघावा तसं पोट बोटांनी वाजवायचं,
इंजिनामागच्या पत्र्यावरून तळहात फिरवायचा.
सुरकुती लागली तर पुढचं चाक आधी आपटलंय.
रिव्हेटभोवती काळी रेघ असली तर तो सैल.
ती रेघ पुसून विमान विकणारेही पाहिलेत.

कॅप्टन खल्फान फेब्रुवारीत आले.
छत्तीस वर्षं जंबो चालवलेला माणूस.
निवृत्तीच्या पैशातून घेतलेलं चार आसनांचं विमान,
सीटांवर अजून प्लास्टिक.

त्या दिवशी धुकं नुकतंच उठलं होतं,
तिवरांपाशी रोहित पक्षी, एकेका पायावर.
मी नट मोजत होतो.
इंजिनाचा आवाज फार लवकर मंदावला.
वर बघितलं तर विमान नाक उचलून
दुमजली घराच्या उंचीवर थबकलेलं,
आणि मागे न बघता, पाट आहेच असं धरून
कुणी बसावं, तसं ते बसलं.

आपटलं, उसळलं. पुन्हा आपटलं.
तिसऱ्या वेळी पुढचा पाय गेला.

ते आपले आपण उतरले. टोपीसुद्धा सरळ.
मोडक्या हिंदीत म्हणाले,
गुरव, माझे डोळे अजून तिथेच आहेत.
आणि हात डोक्यावर नेला, आणखी वर नेला,
चवड्यांवर उभे राहिले.

जंबोत चालक तिसऱ्या मजल्यावर बसतो.
चाकं टेकली तरी जमीन खोल खाली असते.
छत्तीस वर्षं त्यांनी ती तिथेच बघितली होती.
या विमानात ती गुडघ्याशी येते.

मग म्हणाले, नातवाला दाखवायला आणलं होतं.
गेटपाशी पांढरी गाडी उभी होती,
काचा वर.
आतून कुणी उतरत नव्हतं.

इंजिन पूर्ण खोलावं लागणार होतं, तीन महिन्यांचं काम.
वळलेलं पातं शाजीने भिंतीला टेकवलं,
त्यावर आता फडकी वाळत असतात.

संध्याकाळी फॉर्म भरायला घेतला.
तारीख. वेळ.
चालकाचे तास : एकवीस हजार चारशे.
कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
खिडकीबाहेर वाऱ्याची पिशवी
ओल्या मोज्यासारखी दांड्याला चिकटलेली,
सकाळपासून हललीच नव्हती.

मी लिहिलं : आडवा वारा.
शाजीने वाचलं,
पिशवीकडे बघितलं,
आणि साक्षीदाराच्या जागी
सही केली.