शुक्रवारी पाव फेरा

रबाळे, शेड नंबर सतरा.
तीन प्लंजरचा पंप काल रात्री टेम्पोतून उतरला,
आठ महिने तळोज्याच्या नळ्या धुऊन.
पुढचं काम कधी, कोणालाच ठाऊक नाही.
साहेब म्हणाले, ठेवून दे.

ठेवणं म्हणजे टाकणं नव्हे,
हे हसुराम म्हात्रेंचं वाक्य.
आधी चालवून बघायचा.
दुखणं आत ठेवून दार लावायचं नाही.

चालवला.
सातशे बारवर टिकणारी सुई
साडेसहाशे, पाचशे ऐंशी, परत सातशे.
नोझल बदललं.
फिल्टर काढला: लाल गाळ,
आणि कोणाच्या तरी विडीचं थोटूक.
तरी सुई ऐकेना.
मग फोन लावला, गोठिवलीला.

म्हातारे जेवायला बसलेले.
"तुझ्या तोंडाशी नको धरू.
पंपाच्या धर. सक्शनच्या अंगाला. आयकू दे."
मी धरला.
पलीकडे बोंबलाचे काटे काढणं थांबलं असावं.
"डब्यात खडी हलवल्यागत वाजते का गो?"
वाजते.
"खडी नाय ती. हवा हाय.
पानी पुरत नाय त्याला, म्हनून हवा गिळतो.
टाकीकडची क्लिप बघ.
सगळी पंपाकडं बघतात,
टाकीकडं कोन बघत नाय."

क्लिप ढिली होती. दीड आटा.

"आनि गळती शोधताना हात नको फिरवू.
पुठ्ठा फिरव."
हे ते दर वेळी सांगतात.
त्यांच्या डाव्या तर्जनीला पुढचं पेर नाही.
टाचणी टोचावी एवढंच भोक पडलं होतं,
रक्त नाही, काही नाही,
ते जाऊन चहा पिऊन आले.
संध्याकाळी कोपरापर्यंत हात काळानिळा.
पाणीच होतं.
हंड्यात भरतो तेच.

सुई सातशेवर उभी राहिली.
आता बंद.
आधी दाब सोडला, मग पाना उचलला.

क्रँककेसचं तेल काढलं तर रंग चहाचा.
म्हणजे कुठून तरी पाणी आत शिरलंय.
मधल्या प्लंजरचं सील,
बोट फिरवल्यावर नखाला लागलं.
तिन्ही बदलली. एकच बदललं असतं तर
उरलेल्या दोघांनी पुढल्या महिन्यात बोलावलं असतं.

मॅन्युअलमध्ये अख्खं पान आहे:
गोठण्यापासून जपा.
ज्याने लिहिलं त्याच्या देशात बर्फ पडत असेल.
इथं खाडी आहे.
ऐरोलीकडून रात्री वारा येतो
आणि उघडं लोखंड चाटत बसतो.
म्हणून आधी गोडं पाणी, वीस मिनिटं,
मग गंज अडवणारं तेल,
पलीकडून त्याच रंगाचं बाहेर येईपर्यंत.
तोंडांना बुचं.
मागच्या वेळी एक तोंड उघडं राहिलं
तर कुंभारमाशीने आत तीन खोल्या बांधल्या होत्या.

वर ताडपत्री, खाली लाकडी ठोकळे.
आणि दर शुक्रवारी पाव फेरा, हाताने,
सीलं प्लंजरला चिकटू नयेत म्हणून.
पुलीवर खडूची खूण केली.
वर. उजवीकडे. खाली. डावीकडे.
खूण परत वर आली
तेव्हा महिना गेलेला असतो
आणि साहेब अजून फोनवरच असतात.

सहाव्या शुक्रवारी हसुरामांचा फोन.
"फिरवलास?"
फिरवला.
"जड लागतो?"
नाही.
"मग बरा हाय."
बोलणं संपलं, पण फोन त्यांनी तसाच ठेवला,
कट करायचं त्यांना नेहमी राहतं.
पलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं.
नळ बंद केला तरी
टप्प, थांबून टप्प, मग लगेच दोनदा टप्प.

मी कान लावून ऐकत राहिले.
वायसर गेलाय.
पाऊण इंची असावा.
खिशात एक टाकला.
रविवारी जाते.